पाठ सरळ करायला या!

संतपूर आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या सगळ्यांसाठी:

योगाचं नाव काढलं की गावात उत्तर ठरलेलं: ‘दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कशाला पाहिजे योग?’ वरवर बघता खरंच आहे. पण शेतातलं काम जरा नीट आठवा. खुरपणी, सोयाबीनची काढणी, तुरीची कापणी, सगळं पुढे वाकून. खांदे मागे नेणं, छाती उघडणं, पाठ उलट्या बाजूला ताणणं असं कामात फारसं येतच नाही. राबल्याने ताकद येते, पण सगळा ताण एकाच बाजूने पडत राहतो. मग रात्री कंबरेला बाम चोळायचा, फारच दुखलं तर गोळी. दुकानात दिवसभर बसणारा आणि मोबाइलात मान घालून बसलेला पोरगा शेतात जात नाहीत, तरी त्यांचंही हेच रडगाणं.

म्हणून आम्ही काही गावकरी विनंती करतो, सकाळची वीस मिनिटं द्या.

शीर्षासन करायचं नाही, पाय मानेवर घ्यायचा नाही. सुरुवात ताडासनाने, तीही भिंतीला पाठ लावून. मग खांदे आणि मान फिरवणं, मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, झेपेल तेवढं भुजंगासन आणि शेवटी शवासन. ज्यांना खाली बसवत नाही त्या आजी-आजोबांनी खुर्चीवर बसून करावं. त्यात कमीपणा नाही. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार आपल्याच कर्नाटकातले, कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरचे. लहानपणी ते सतत आजारी असत. 1937 साली पुण्याला शिकवायला गेले आणि 2014 साली वारले तोवर पुणंच त्यांचं गाव झालं. न वाकणाऱ्या माणसालाही आसन जमावं म्हणून त्यांनी खुर्ची, पट्टा, दोरी, विटेएवढे ठोकळे वापरायला शिकवलं. यातलं काय आपल्या घरात नाही?

21 जूनचा योग दिवस 2015 पासून जगभर होतो. आपल्याकडे मात्र तो नेमका पेरणीच्या धांदलीत येतो. त्या दिवशी शाळेत पोरं रांगेत उभी राहतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी सतरंजी गुंडाळली जाते. आम्हाला तो एक दिवस नको, रोजची सवय हवी. पेरणी आणि राशीच्या दिवसांत दहाच मिनिटं झाली तरी चालतील.

मनाचंही बोलू. पाऊस लांबला, भाव पडला, कर्जाचा हप्ता आला की झोप उडते. संथ श्वासाने कर्ज फिटत नाही, पण छातीतली धडधड थोडी उतरते, डोकं ठिकाणावर राहायला मदत होते. कुणाला जगणंच नकोसं वाटत असेल तर त्याला फक्त श्वास मोजायला सांगू नका, सोबत बसा आणि डॉक्टरांकडे न्या.

इथे मंत्र म्हणायची सक्ती नाही. सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये दिल्या जातील. बायकांची सकाळ पाणी, चूल आणि डब्यात जाते, म्हणून त्यांची वेळ त्यांनीच ठरवावी, पुरुषांनी ठरवू नये.

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. साखरेची किंवा बीपीची गोळी योग सुरू केला म्हणून बंद करू नये. दुखलं की थांबावं, शेजाऱ्याशी चढाओढ नको.

येत्या रविवारी सकाळी सहाला शाळेच्या पटांगणात जमू. गल्लीवार जागा आणि वेळ तिथेच ठरवू. योग रीतसर शिकलेल्या कुणाला शिकवता येत असेल तर त्यांनी जरूर पुढे यावं. फी नाही, नाव नोंदवायचं नाही. पोट रिकामं ठेवा, सैल कपडे घाला, घरातली सतरंजी किंवा जुनं घोंगडं आणा. धोतर, लुगडं, पायजमा काहीही चालेल.

आपले,
संतपूरचे काही गावकरी