उमेदीचे अर्थकारण

मीरा-भाईंदर रस्त्यावरचा सिल्व्हर पार्क हा परिसर म्हणजे मुंबईत राबणाऱ्या नोकरदारांची मुक्कामाची जागा. सकाळी रिक्षा गाठायची, मीरा रोड स्थानकाचा जिना चढायचा, आधीच भरून आलेल्या गाडीत अंग चोरून शिरायचे आणि रात्री त्याच वाटेने परतायचे, हा येथील असंख्य कारकून, शिक्षक व विद्यार्थी यांचा नित्यक्रम. हा सारा क्रम धडधाकट शरीर गृहीत धरून बेतलेला आहे. मणक्याला मार बसला, गुडघ्याचा अस्थिबंध तुटला किंवा गाडीतून पडून पाय गेला, की ते गृहीतकच कोसळते. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, समाचाराला येणाऱ्यांची वर्दळ महिन्याभरात ओसरते आणि मग पुढची वर्षे उरतात. अपघाताच्या क्षणाविषयी वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने येतात. या वर्षांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

बोलले जाते ते एकच : मन खंबीर ठेवा. त्यासोबत मुरलीकांत पेटकर यांचे नाव हटकून घेतले जाते. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा जवान लष्करात मुष्टियोद्धा होता. 1965 च्या युद्धात त्याला गोळ्या लागल्या, त्यांतली एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे याच पेटकरांनी 50 मीटर पोहण्याची शर्यत 37.33 सेकंदांत जिंकून भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळण्यास मात्र 2018 साल उजाडावे लागले, आणि बहुसंख्य मराठी वाचकांना त्यांचे नाव कळले ते 2024 मध्ये चित्रपट निघाला तेव्हा. असो. पेटकरांच्या जिद्दीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ही कथा सांगताना एक गोष्ट नेहमी गाळली जाते. पोहणे हा त्यांनी एका रात्री केलेला संकल्प नव्हता. लष्करी रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले होते. तेथे तलाव होता, शिकवणारे होते, आणि लष्करातून बाहेर पडल्यावर पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरीही मिळाली. जिद्दीला पाय ठेवायला जमीन लागते, ती अशी मिळाली.

या उपचारपद्धतीचा उगमही उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण बहुधा अंथरुणातील जखमा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यांनीच दगावे. 1944 साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात नाझी राजवटीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमन यांनी याकरिता स्वतंत्र विभाग काढला. रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवणे हा त्यांचा पहिला दंडक. दुसरा दंडक काम आणि खेळ यांचा. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात 16 जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजचे पॅरालिंपिक त्या स्पर्धेतून वाढले. ज्याला मरेपर्यंत पडून राहायचे होते त्याला सकाळी उठण्याचे कारण पुरवणे, हा गुटमन यांच्या दृष्टीने औषधाचाच भाग होता.

‘माणसाला सगळ्याची सवय होते’ असे म्हणणारा एक पंथ आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ 1978 सालचे ब्रिकमन व त्यांच्या सहकाऱ्यांचे अमेरिकेतील संशोधन पुढे केले जाते. लॉटरी लागलेले आणि अपघाताने लुळे झालेले दोघेही कालांतराने सारखेच सुखी होतात, असे त्यातून सिद्ध झाल्याचे सांगतात. वस्तुतः त्या संशोधनात तसे काहीही नाही. अपघातग्रस्त अवघे 29 होते, आणि ते इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी सुखी आढळले. आश्चर्य एवढेच, की लोक समजतात तितके दुःखी ते नव्हते. यावरून दोन धडे निघतात. आयुष्य संपले असे मानणे चूक आहे, तसेच काळ सर्व काही भरून काढील म्हणून हात झटकणेही चूक.

तेव्हा रोजच्या व्यवहाराकडे वळणे अगत्याचे ठरते. जुनी दुखापत बाळगणारा मनुष्य बहुधा एका फेऱ्यात सापडतो. दुखणे कमी असलेल्या दिवशी तो साचलेली सगळी कामे उरकू पाहतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतो. मग हालचालीचीच धास्ती बसते, स्नायू झडतात, वजन वाढते आणि त्याबरोबर मधुमेह व रक्तदाब दारात उभे राहतात. सिअॅटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी 1970 च्या दशकात यावर साधा तोडगा काढला : दुखेपर्यंत करायचे आणि दुखले की थांबायचे, हा क्रमच मोडायचा. आधी ठरवलेले माप, मग ते दहा पावले असो वा पाच मिनिटे, चांगल्या दिवशी वाढवायचे नाही आणि, वैद्याने मना केले नसेल तर, वाईट दिवशी चुकवायचे नाही. आठवड्यामागून आठवडा ते किंचित चढवत न्यायचे. कंबरदुखीवर ‘पडून राहा’ हा घरोघरचा सल्लाही असाच तपासून पाहण्याजोगा. 1986 साली अमेरिकेतील डेयो व सहकाऱ्यांनी काही रुग्णांना दोन दिवसांची, तर काहींना सात दिवसांची विश्रांती सांगून पाहिले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस 45 टक्क्यांनी कमी बुडाले, आणि त्यांच्या प्रकृतीला त्याची काही किंमत मोजावी लागली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये व्यायामविषयक शिफारशी सुधारल्या तेव्हा त्यांत अपंग व्यक्तींचा प्रथमच स्वतंत्र विचार केला. जे अवयव चालतात त्यांना तरी चालते ठेवावे, हे त्यातले सार. चाकाची खुर्ची हाताने रेटणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात, आणि त्या खांद्यांची निगा कोणी शिकवत नाही.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण या संदर्भात अधिक जवळचे वाटते. सोळाव्या वर्षी त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. निराशेच्या काळात त्यांना आधार मिळाला तो उपदेशाचा नव्हे, तर स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून उद्योग चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या भेटीचा. पुढे शिक्षण झाले, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी मिळाली, आणि 1984 मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असावयास हवे. समदुःखी माणूस भेटणे, हातात पगार येणे आणि कोणाच्या तरी उपयोगी पडणे, या तीन गोष्टींतून उमेद कशी घडते ते त्यात दिसते.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न येतो. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे, की अपंगत्वाने माणसाचे उत्पन्न तर घटतेच. शिवाय उरलेल्या उत्पन्नातून इतरांइतके जगणे विकत घेता येत नाही. जेथे शेजारी रेल्वेच्या पासावर जातो, तेथे याला टॅक्सी लागते. विम्याचा भर रुग्णालयातील मुक्कामावर, तर भौतिकोपचाराचा खर्च घरी आल्यावर महिनोन्महिने चालतो. हाजी अलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण ज्याला गाडीत चढता येत नाही त्याने मीरा रोडहून महालक्ष्मीपर्यंत आठवड्यातून तीनदा कसे जावे? बऱ्याच घरांत व्यायाम सुटतो तो आळसाने नव्हे, या हिशेबाने.

नोकरीच्या बाबतीत कायदा मात्र स्पष्ट आहे आणि तो शिक्षक-कारकुनांनी माहीत करून घ्यावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेला काढता येत नाही, त्याची पायरीही उतरवता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते, आणि तेही नसेल तर जादा पद निर्माण करून सामावून घेता येते. तरीही ‘आता तुम्हाला झेपायचे नाही’ असे कोणी आपुलकीने म्हटले की अनेक जण राजीनाम्यावर सही करतात. खासगी नोकरदाराला तर हे संरक्षणही नाही.

आणि शेवटी जिना. याच कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. ती 2022 मध्ये उलटून गेली. राहत्या घरांना तर ती मुदत नव्हतीच. मीरा रोडच्या जुन्या वसाहतींत लिफ्ट नसलेल्या चारमजली इमारती पुष्कळ आहेत. चौथ्या मजल्यावरच्या जायबंदी माणसाला खाली उतरायचे म्हणजे दोन माणसांची मिनतवारी करावी लागते, म्हणून तो उतरणेच सोडतो. तळमजल्याच्या दोन पायऱ्यांवर उतार घालणे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवणे, अशा रहिवाशाला तळमजल्यावरच्या घराशी अदलाबदल करता यावी म्हणून मध्यस्थी करणे, यांसाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत रंग कोणता लावावा यावर तासन्‌तास खल होतो. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला एका सभासदाचे पत्र पुरेसे आहे.