हंगामाचा हिशेब आणि आयुष्याचा

रायगड किनाऱ्यावरील दिघीसारख्या गावातील एखाद्या मुलास वकिलीपेक्षा कबड्डीचे मैदान अधिक फलदायी वाटले, तर आम्ही त्यास दोष देणार नाही. २०१९ च्या प्रो कबड्डी लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई यांच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. परंतु हिशेब हंगामाचा नव्हे, आयुष्याचा मांडावयास हवा. खेळाडूची मिळकत बहुधा पस्तिशीच्या आसपास आटते. कंपन्यांच्या नामांकित वकिलाची त्याच वयात बहरू लागते व साठीनंतरही चालू राहते. गुडघा निकामी झाला तर खेळ संपतो. सनद मात्र शाबूत राहते. नेदरलँड्समध्ये फुटबॉलपटूंच्या वेतनाचा काही भाग निधीत ठेवून निवृत्तीनंतर दिला जातो. आमच्या संघमालकांनीही हीच तजवीज करावी. टाळ्या म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे!