जुनी गाडी, नवं ऑइल

बारावीचा निकाल लागला, कॉलेजचा प्रवेश झाला, की घरात गाडीचा विषय निघतो. नवी परवडत नाही, म्हणून ओळखीतून किंवा बाजारातून जुनी मोटारसायकल घेतली जाते. मुलगा ती धुतो, सीटला नवं कव्हर घालतो आणि दुसऱ्या दिवशी अम्मीला मागे बसवून मंडईला नेतो. ब्रेकमध्ये आणि इंजिनात काय आहे, हे मात्र कुणी बघत नाही. "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय," या विकणाऱ्याच्या एका वाक्यावर सगळा भरवसा असतो.

विकणारा खोटंच बोलतो असं नाही. पण किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो आणि ऑइलवर तारीख छापलेली नसते. म्हणून एक सोपा नियम धरा. गाडी घरी आली की तिचा हिशेब शून्यापासून सुरू करा. आतली ऑइलं बदला आणि निघालेलं जुनं ऑइल नीट बघा. गाडीचा मागचा इतिहास तेच सांगतं.

आपल्या कोल्हापुरात याला आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. तेव्हा पाण्यात उभी राहिलेली गाडी आज धुऊन-पुसून तुमच्यासमोर विक्रीला येऊ शकते. नीट खोलून दुरुस्त केली असेल तर ती चालतेही. पण ते विचारायला हवं आणि तपासायलाही हवं.

सुरुवात इंजिन ऑइलपासून करा. ऑइल काळं असेल तर घाबरू नका, वापरलेलं ऑइल काळंच होतं. पण ते दुधाच्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी गेलं आहे. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडा पांढुरका फेस लागतो, तो वेगळा. सगळंच ऑइल तसं असेल, किंवा त्यात धातूचे कण चमकत असतील, तर मेस्त्रींना दाखवल्याशिवाय गाडी चालवू नका.

ऑइल बदलताना इंजिन दोन-चार मिनिटं चालवून कोमट करा आणि गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा. जुनं ऑइल पूर्ण निथळू द्या, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. फिल्टर असेल तर बदला, जाळी असेल तर धुवा. कोणतं ऑइल आणि किती, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका नसेल तर कंपनीच्या शोरूममध्ये विचारा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण लिटरभर किंवा त्याहून थोडं कमी लागतं. जास्त ओतल्याने फायदा नाही, उलट नुकसान होतं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' असा शिक्का बघून घ्या. मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो. आधीचा इतिहास माहीत नसेल, तर पाचशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा तपासा.

यानंतर ब्रेक ऑइल. डिस्क ब्रेक असेल तरच ते असतं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं 'डॉट ४' ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. रत्नागिरीला लग्नाला निघालो की आंबा घाट उतरावा लागतो. सतत ब्रेक दाबून डिस्क तापते, ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि ब्रेकचा दांडा दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं, आणि गाडी नवीन घेतली असेल तर लगेच. झाकणावर लिहिलेलंच ऑइल वापरा, बऱ्याच दिवसांपूर्वी उघडलेली बाटली नको. हे काम मेस्त्रींकडूनच करून घ्या, कारण आत हवा राहिली तर ब्रेक लागत नाही. ड्रम ब्रेक असेल तर लायनर आणि केबल बघून घ्या.

पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलकट ओल दिसली तर सील गेलं आहे. सीलबरोबर फोर्क ऑइलही बदला. रेडिएटर असलेल्या गाडीत कुलंट तपासा, पण इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नका. चेन साफ करून तिला तेल द्या, आणि ते डिस्कवर किंवा टायरवर उडणार नाही याची काळजी घ्या. चेन फार ताणलेली नको, फार सैलही नको. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर जुनं होऊन तडकतं.

निघालेलं ऑइल गटारीत ओतू नका. आपल्या जयंती नाल्याचं पाणी पंचगंगेलाच मिळतं. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या.

शेवटी एक शंभर पानी वही करा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती खर्च आला, एवढंच लिहायचं. वही मुलाने किंवा मुलीनेच लिहावी. महिन्याला अब्बांनी किंवा अम्मीने एकदा बघावी. ज्याला नोंद ठेवायची सवय लागते, तो गाडी जपून चालवण्याची शक्यता जास्त. उद्या गाडी विकायची वेळ आली, तर ही वही घेणाऱ्याच्या हातात द्या. पाण्यात गेली असेल तर तेही सांगा. सौद्यात दोन पैसे कमी येतील, पण त्या गाडीवर उद्या दुसऱ्या कुणाची तरी अम्मी मागे बसणार आहे.