अगस्त्य दिसेनासा होण्याआधी

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास शिरड शहापूरच्या शिवारात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. वर लखलखतो तो व्याध. त्याच्या बराच खाली, क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर असतो तो अगस्त्य. पाठीमागे उत्तरेला, साधारण तेवढ्याच उंचीवर, ध्रुव. लंडनकरांना ध्रुव चांगला उंचावर दिसतो, पण अगस्त्य मुळीच उगवत नाही. आपल्या वाट्याला दोन्ही आले आहेत. अगस्त्याचा आज दिसणारा प्रकाश सुमारे ३१० वर्षांपूर्वी निघालेला. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते.

आमच्या भागात नक्षत्रांची नावे शाळेआधी शेताने शिकवली. गंमत अशी, की जूनमध्ये ज्या मृगाची शेतकरी वाट पाहतो, तो मृग तेव्हा आकाशात दिसतच नाही! सूर्यच त्या नक्षत्रात असतो. मृग पाहायचा तर हिवाळ्यात. पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, म्हणजे त्रिकांड, लहान मूलही ओळखते. ती रेघ एकीकडे वाढवली की व्याध, दुसरीकडे रोहिणी आणि पुढे कृत्तिका.

याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून ती गुरुत्वीय लहरी टिपेल. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम पकडली. मला तिचा अभिमान आहे. मात्र तिला अंधार लागत नाही. धरणीची निश्चलता लागते. म्हणजे वेधशाळा आली म्हणून आपले काळे आकाश आपोआप राखले जाईल, या भ्रमात कुणी राहू नये.

गावोगावी हायमास्ट दिवे उभे राहत आहेत. मी दिव्यांचा वैरी नाही. विंचूकाट्याच्या वाटेवर उजेड हवाच. पण तो वाटेवर हवा, ढगांवर कशाला? ग्रामपंचायतीने दिव्यावर झाकण बसवावे, तोंड खाली वळवावे. विजेचे बिलही वाया जाणार नाही. शाळांनी वर्षातून दोन अमावास्यांना मुलांना शिवारात न्यावे. दुर्बीण नसली तरी चालेल, सतरंजी पुरे. उजेडाची धूसर साय आधी क्षितिजावर धरते, त्यामुळे पहिला हरवणार तो अगस्त्यच.