वजन कमी करणारं इंजेक्शन: भाव उतरला की धाराशिवपर्यंत पोहोचेल?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचं रील तुम्हीही पाहिलं असेल. पुण्यात दिसतं तेच रील परंडा-भूममध्येही दिसतं. उपचार मात्र रीलच्या वेगाने येत नाही. का? एकेक अडथळा बघू.

किंमत: मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात आलं. सुरुवातीच्या 2.5 मिलिग्रॅम डोसची कुपी 3,500 रुपयांना. आठवड्याला एक, म्हणजे चार आठवड्यांचे 14,000. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे साधारण 45 दिवसांची मजुरी एका महिन्याच्या इंजेक्शनात! आता मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचं, म्हणजे वेगोव्हीतल्या औषधाचं, पेटंट संपलंय. इतर कंपन्यांनाही ते बनवता येतं. स्पर्धेमुळे भाव उतरतो, हे चांगलंच.

पण भाव उतरला की काम झालं का? नाही. न वापरलेलं इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं; उन्हाळ्यात लाईट गेली की अडचण. डोस हळूहळू वाढवतात, त्यामुळे डॉक्टरकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. मध्येच सोडलं तर? एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे महिनाभर पैसे जमवून घ्यायचं हे औषध नाही.

मोजमाप: धाराशिव नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. त्या डॅशबोर्डवर गरोदर मातांची तपासणी, कमी वजनाची मुलं, क्षयरोग असे आकडे दिसतात. लठ्ठपणाचा रकानाच नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज अनुभवतो: जे मोजलं जात नाही, ते दुरुस्तही होत नाही.

तुम्ही काय कराल? बीएमआय अ‍ॅपमध्ये लठ्ठपणाची मर्यादा 30 असेल तर फसू नका. भारतीयांसाठी ती 25 धरतात. टेपने कंबर मोजा: पुरुषांना 90, स्त्रियांना 80 सेंटिमीटरच्या पुढे धोका. सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची मोफत तपासणी मोहीम तिशीपासूनच्या लोकांसाठी आहे. तुम्ही विशीत असाल तर स्वतःहून विचारा. तज्ज्ञ लांब असेल तर ई-संजीवनीवर मोफत सल्ला मिळतो. आणि चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देणाऱ्या इन्स्टा पेजला सरळ ब्लॉक करा.

औषध स्वस्त होईल. डॉक्टर, फ्रिज आणि डॅशबोर्डवरचा तो रकाना मात्र मागून घ्यावा लागेल.