डॉक्टर व्हायचंय, पण कुणासाठी?

जून-जुलै आला की आपल्याकडे घरोघरी ‘नीट’चे गुण, रँक आणि कटऑफ यांचीच चर्चा असते. याच दिवसांत अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत वेगळी धावपळ सुरू असते. मुलाने किंवा मुलीने मेडिकल स्कूलसाठी अर्ज भरलेला असतो, गुण कळलेले असतात आणि आता एकेका कॉलेजकडून प्रश्नांचा नवा संच येऊ लागतो. तिथे त्याला ‘सेकंडरी’ म्हणतात, म्हणजेच पूरक निबंध. इकडच्या आजी-आजोबांना, काका-मावशांना प्रश्न पडतो, ‘एवढे गुण आहेत, मग निबंध कसले लिहीत बसायचे?’

प्रश्न स्वाभाविक आहे. तरीही हे निबंध गंभीरपणे घ्यावेत, असं माझं मत आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. साधारण चार वर्षांची पदवी, मग ‘एमकॅट’ ही परीक्षा. तिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मिळतात. एमडी पदवी देणाऱ्या बहुतेक कॉलेजांसाठी एक सामाईक अर्ज असतो. त्यात ५,३०० अक्षरांपर्यंतचा एक निबंध आणि जास्तीत जास्त १५ अनुभवांची नोंद करता येते. हा अर्ज सगळ्या कॉलेजांना सारखाच जातो. पूरक निबंध मात्र प्रत्येक कॉलेजचे वेगळे. आमच्याच कॉलेजात का यायचं आहे? मोठी अडचण आली तेव्हा काय केलंत? तुमच्याहून वेगळ्या परिस्थितीतल्या माणसांबरोबर काम केलं आहे का? प्रश्न साधारण असे असतात. दरवर्षी ५० हजारांहून अधिक उमेदवार अर्ज करतात आणि त्यांतल्या निम्म्याहून कमी जणांना प्रवेश मिळतो. नाकारल्या गेलेल्यांतही उत्तम गुणांची मुलं पुष्कळ असतात. केवळ आकड्यांवर निवड करणं तिथे शक्यच होत नाही.

कॉलेजांचे हेतूही एकसारखे नसतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ इथल्या वैद्यकीय शाखेचं घोषित ध्येयच ग्रामीण भागासाठी आणि मूळ निवासी समाजासाठी डॉक्टर घडवणं हे आहे. ज्याला मोठ्या शहरात संशोधन करायचं आहे, त्याचे गुण कितीही असले तरी ही जागा त्याच्यासाठी नाही. हे सांगायला गुणपत्रिकेत रकाना नसतो. पूरक निबंधात तो असतो.

मुद्दा स्वभावाचाही आहे. २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. कारवाईशी सर्वात घट्ट संबंध दिसला तो बेजबाबदार वागण्याचा आणि चूक दाखवूनही न सुधारण्याचा. कमी गुणांचाही संबंध होता, पण तो त्यामानाने सौम्य. पुढे रुग्णाला त्रास देणारा दोष परीक्षेच्या गुणांत पुरेसा उमटत नाही, हे यातून दिसतं.

मग निबंधात तो उमटतो का? इथे सावध राहायला हवं. २०१६ साली ‘मेडिकल एज्युकेशन’ या नियतकालिकात निवडपद्धतींचा एक आढावा आला. उमेदवाराने स्वतःबद्दल लिहिलेलं निवेदन हे निवडीचं दुबळं साधन ठरतं आणि अनेक छोट्या टप्प्यांची मुलाखत त्याहून भरवशाची, असा त्याचा निष्कर्ष होता. भर म्हणून निबंध दुरुस्त करून देणारे महागडे सल्लागार आहेत, आता चॅटजीपीटीही आहे. बहुतेक कॉलेजं पूरक अर्जाची वेगळी फी घेतात आणि पंधरा-वीस कॉलेजांचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. फी-माफीची योजना आहे, पण ती सर्वांपर्यंत पोचत नाही.

म्हणूनच निबंध हा गुण देण्याचा पेपर मानू नये. तो मुलाखतीची सुरुवात आहे. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य कुणीही लिहील, यंत्रही लिहील. पण ‘दोन वर्षं दर शनिवारी मोफत दवाखान्यात दुभाषाचं काम केलं आणि रुग्ण औषधं अर्धवट का सोडतात ते तिथे समजलं’ असं लिहिणाऱ्याला मुलाखतीत त्यावर चार प्रश्न विचारता येतात. खरं असेल तर ते उलगडत जातं, नसेल तर तिथेच उघडं पडतं. कॉलेजांनीही प्रश्न थोडे, छोटे आणि नेमके ठेवले, तर सजावटीला वाव कमी राहील.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत पूर्वी गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असे. या कॉलेजात येणाऱ्याला हे कॉलेज कशासाठी आहे ते ठाऊक असावं, हाच त्यामागचा विचार. ‘नीट’ आली आणि तो पेपर गेला.

तो परत आणावा, असं मी म्हणणार नाही. २० लाखांहून अधिक परीक्षार्थींचे निबंध कोण तपासणार? शिवाय डोनेशनचा काळ पाहिलेल्या पालकांना ‘समितीच्या मर्जीवर प्रवेश’ हे शब्द ऐकूनच धडकी भरेल, आणि ती रास्त आहे. एकाच परीक्षेचा आकडा निदान सगळ्यांसमोर असतो. पण प्रवेशाच्या वेळी न विचारलेला प्रश्न प्रवेशानंतर तरी विचारायला हवा. २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा भाग आहे. विद्यार्थ्याने काही कुटुंबांच्या आरोग्याची वर्षानुवर्षं पाठराखण करावी, अशी योजनाही आली आहे. सह्या आणि हजेरीपुरतं हे उरकलं, तर आपण तो प्रश्न कधीच विचारला नाही असं होईल.

अमेरिकेत अर्ज भरणाऱ्या मुलांच्या आई-बाबांना मात्र एक विनंती. निबंध तुम्ही लिहून देऊ नका, विकतही घेऊ नका. त्याची तयारी जुलैत लेखणी हातात घेऊन होत नाही. ती आधीच्या दोन-तीन वर्षांत, आजारी माणसांच्या सोबत घालवलेल्या वेळात होते. तो वेळ मुलांना द्या, त्या काळात एखादा ग्रेड खाली आला तरी चालेल. आणि त्या वेळात ‘हे काम आपल्यासाठी नाही’ असं मुलाला वाटलं, तर तेही ऐकून घ्या. निबंधाचा तोही एक उपयोगच आहे.