रक्तदाबालाही नोंदवही हवी



ऊस कारखान्याला घातला तरी संत्रा, मिरची, सोयाबीन घेऊन नागपूरला कळमन्याच्या यार्डात आपणांस जावेच लागते. रात्री गाडी भरायची, पहाटे यार्ड गाठायचे आणि चहा-भज्यांवर लिलावाची वाट बघत बसायचे. या धावपळीत रक्तदाबाची गोळी घरीच राहते. दोन दिवस चुकते, त्रास काहीच होत नाही. मग गडी म्हणतो, "मले तं बरं वाटते, गोळी कायले खाऊ?" आणि एखाद्या दिवशी लकवा मारतो. माणूस खाटेवर पडतो, शेत पडीक पडते, सोसायटीचे कर्ज तेवढे उभे राहते.

दोष त्या गड्याचा, असे म्हणून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही; तो मोजल्याशिवाय कळत नाही. कारखान्याच्या बॉयलरचा दाब आपण आवाजावरून ठरवतो काय? दर पाळीला काटा पाहून आकडा वहीत लिहिला जातो. माणसाच्या बाबतीत मात्र वर्षातून एक शिबिर, हारतुरे, फोटो, की झाले काम!

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत दर शंभर प्रौढांत सुमारे ३५ जणांना उच्च रक्तदाब आढळला. एवढ्या लोकांमागे एकटा डॉक्टर कुठवर धावणार? ऊस तरी एकट्याने साखर होतो का? नोंद घेणारा, तोडणारा, वाहणारा, वजन करणारा, पाक उकळणारा, असे सगळे हात लागतात.

हीच रीत सरकारी दवाखान्यांत चालवून पाहिली गेली. २०१७ च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे घेतले होते. सातारा उसाचा जिल्हा. भंडारा-वर्धा तर आपले शेजारी. औषधाचा क्रम ठरलेला, तो डॉक्टरने सुरू करायचा. परिचारिकेने दाब मोजून कार्डावर लिहायचा. गोळ्या महिनाभराच्या एकदम द्यायच्या, त्याही शक्यतो गावाजवळच्या उपकेंद्रातून. तारखेला जो आला नाही त्याला फोन करायचा, नाहीतर आशाताईंनी घरी जाऊन विचारायचे. या कामाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर पुरस्कार मिळाला.

अमेरिकेतही असेच दिसले. लॉस एंजेलिसमध्ये न्हाव्याच्या ५२ दुकानांत हा प्रयोग झाला. त्याचे निकाल २०१८ साली आले. काही दुकानांत औषधतज्ज्ञाने, डॉक्टरांशी ठरवून, तिथेच दाब मोजून औषध दिले. सहा महिन्यांत गिऱ्हाइकांचा वरचा दाब सरासरी २७ अंकांनी उतरला. जिथे न्हाव्याने नुसता सल्ला दिला, तिथे तो ९ च अंकांनी उतरला. म्हणजे माणूस जिथे येतो तिथे दवाखान्याने जावे, आणि नुसते सांगून थांबू नये.

म्हणून आमची सूचना अशी. कारखान्याने प्रत्येक गट कार्यालयात दाब मोजण्याचे यंत्र आणि एक नोंदवही ठेवावी. महिन्यातून एक वार ठरवून आरोग्यसेविकेस बोलवावे. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आकडा वारंवार आला, तर त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि तो तिथे पोचला की नाही हे पुढच्या महिन्यात बघावे. ऊसतोड मजूर सहा महिने गाव सोडून येतात. त्यांची कार्डे इथल्या केंद्राने पुढे चालवावीत. कळमन्याच्या यार्डातही शेतकरी, हमाल, मापारी दिवसदिवस थांबलेले असतात. तिथे असे टेबल मांडावे, म्हणून बाजार समितीस व आरोग्य खात्यास संचालक मंडळाने पत्र लिहावे.

खर्च फार नाही. चिकाटी मात्र लागेल. कळमन्याला आपण किलोकिलोचे वजन डोळ्यांत तेल घालून पाहतो. स्वतःचा आकडाही तसाच पाहू या. हा विषय येत्या वार्षिक सभेत सभासदांनीच मांडावा, ही विनंती.